मफलरवाल्याचा चौथा भाग

स्टाफरूमच्या दारात पाऊल टाकण्याआधी मी रोज मनाशी ठरवायचे, आज चिडायचं नाही. आणि दार ढकललं रे ढकललं की खिडकीजवळच्या टेबलामागून आवाज यायचा, "काय मॅडम, आज कितवा भाग?"

झालं! माझं ठरवणं तिथंच मातीत.

सुरुवातीला मी हसून सोडून द्यायचे. मग "तिसरा" म्हणायला लागले, कारण तिसरा भाग चांगला असतो एवढं मला कळलं होतं. त्यावर सर चष्मा कपाळावर सरकवून मला नीट न्याहाळायचे, काठावर पास होणाऱ्या पोराचा पेपर बघावा तसे, आणि मान हलवायचे. "न्हाय मॅडम. अजून दुसऱ्यातच हाय गाडी. चढ दिसत न्हाय."

चढ हा त्यांचा लाडका शब्द. भूगोल शिकवणाऱ्याला चढ-उताराचं प्रेम असतं, ते मी समजू शकते. मीही भूगोलच शिकवायचे. पण सरांचा चढ जमिनीचा नव्हता, माणसाचा होता, आणि तो मोजायचा अधिकार त्यांना कुणी दिला हे मी त्यांना बरेचदा विचारलं. ते म्हणायचे, "कुणी द्यावा लागतो व्हय?"

उमरग्याच्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागात आम्ही दोघंच. दोघंही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवू तेवढ्याचंच मानधन, आणि उन्हाळ्यात कॉलेजला कुलूप लागलं की आपल्यालाही लागलं. भूगोलाची एक जागा कायमची भरणार, भरणार असं आम्ही रुजू झाल्यापासून ऐकत होतो. जागा एक आणि वाट बघणारे दोघं. दुसऱ्या विभागात अशी जोडी असती तर एकमेकांचे खडू लपवून ठेवले असते. मी तर मनातून तयारच होऊन आले होते. माहेरी, सासरी, मैत्रिणींत सगळ्यांनी बजावलं होतं की त्या सरांपासून जपून राहा, गोड बोलून काटा काढतील. आणि पहिल्याच दिवशी हा माणूस उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या प्रतिस्पर्धी. लई आनंद झाला. आता नीट वाढा."

वाढा म्हणे! मी काय कुंडीतलं रोप होते?

ह्या सगळ्याचं मूळ एका व्हिडिओ गेममध्ये होतं. होय, व्हिडिओ गेम. चाळिशीला टेकलेला, नेट पास झालेला, डोक्यावरचे केस मागं हटत चाललेला माणूस भाड्याच्या खोलीत सोलापूरहून आणलेलं जुनं गेमचं यंत्र टीव्हीला जोडून बसायचा. त्या गेमचं नाव जपानी की काय होतं, मला ते कधी धड उच्चारता आलं नाही. सरांनाही येत नव्हतं. ते नुसतं 'मालिका' म्हणायचे. मालिकेचे तेव्हा तीन भाग निघालेले होते आणि चौथा येणार होता. सरांनी ते तिन्ही भाग इतक्यांदा खेळले होते की शेवटी यंत्राचं एक बटण आत जाऊन बसलं होतं. त्यावर त्यांनी लाखेचा थेंब लावून घेतला होता.

गोष्ट साधी. एक नायक गावोगाव हिंडतो. वाटेत एक लाकडी पूल लागतो. पुलावर निळ्या मफलरचा एक पोरगा उभा असतो. तो म्हणतो, "पुढं जायचंय? आधी माझ्याशी लढ." तुम्ही लढता, जिंकता, तो "पुन्हा भेटू" म्हणून निघून जातो. ह्याला सर मफलरवाला म्हणायचे. सगळी मालिका सरांच्या मते ह्या मफलरवाल्याची होती. नायकाला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

"नायकाला आपण चालवतो मॅडम. आपण बटण दाबलं की तो उडी मारतो. तो कसला वाढतो! खेळणारा तर अजिबात वाढत नसतो, त्याचा फक्त अंगठा दुखतो. वाढायचं काम प्रतिस्पर्ध्याचं. कुठलीही मालिका चांगली का वाईट, हे एकाच गोष्टीवरनं कळतं. पहिल्या भागातला प्रतिस्पर्धी शेवटच्या भागात कुठवर पोचला?"

हे एकदा ऐकायला बरं वाटतं. डबा खाताना, पेपर तपासताना, प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये कानाशी लागून, दर आठवड्याला ऐकून बघा म्हणजे कळेल. त्या खेळातली एक नदी चक्क चढाकडं वाहायची. मी एकदा नुसतं डोकावले तर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, सर, तुम्ही भूगोलाचे, तुम्हाला हे खटकत नाही? तर म्हणाले, "नदी वाहू द्या कुठं वाहायची ती. दुसऱ्या भागात मफलरवाला तेच वाक्य बोलतो, ते बघा! त्याच पुलावर, तेच वाक्य! फक्त मफलर लांब केलाय. ही काय वाढ झाली?" दुसऱ्या भागात मफलरवाल्याला त्यांनी एटीकेटी दिली होती. नापास विषय पुढच्या वर्षी घेऊन बसणाऱ्या आमच्या पोरांना देतात तशीच. आणि हे ते विनोदानं म्हणत नसत, ह्याचाच मला जास्त वैताग यायचा.

बरं, हे खेळापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ह्या माणसाला जिथं तिथं प्रतिस्पर्धी दिसायचे. कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची दोन हॉटेलं शेजारीशेजारी होती. सर एक दिवस ह्याच्याकडं, एक दिवस त्याच्याकडं प्यायचे. दुसऱ्यानं गुळाचा चहा सुरू केला त्या दिवशी सर पळत पळत वर आले. मला वाटलं, कुणाला अपघात झाला. तर म्हणे, "मॅडम, त्यानं गूळ आणला! भाग दोन सुरू झाला!" मग आठवडाभर पहिला काय करतो ह्याच्यावर त्यांचं लक्ष. पहिल्यानं काहीच केलं नाही. सर त्याला समजवायला गेले. तो म्हणाला, "सर, प्यायचा तर प्या, न्हाय तर ग्लास ठिवा." त्या दिवशी सरांनी दुपारचा तास अगदी उदास होऊन घेतला.

आणि मी तर त्यांच्या हाताशीच होते.

मी जिल्ह्याच्या एका चर्चासत्रात पेपर वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्राचार्यांनी नाव घेऊन कौतुक केलं. सर जवळ आले. मी मान ताठ करून उभी. म्हणाले, "पूल तोच हाय मॅडम. फक्त मफलर लांब केलाय." मला इतका राग आला की मी पाण्याची बाटली टेबलावर आपटली. त्यांना काय त्याचं! दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लाकडी पेटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत काचेच्या बाटल्या. आख्ख्या तालुक्यातल्या मातीचे नमुने. काळी, तांबडी, मुरमाड, नदीकाठची गाळाची. सरांनी सायकलवर हिंडून जमवलेले. प्रत्येकीवर गाव, शिवार, किती खोलीवरची माती, सगळं लिहिलेलं. ही पेटी म्हणजे त्यांचं मुलाखतीतलं हुकमी पान होतं हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"ही घ्या. पाठ्यपुस्तकातली माती पोरांना दावू नका. ह्याच्यावर काम करा."

"सर, मुलाखतीत तुम्ही काय दाखवणार?"

"ते मी बघतो. प्रतिस्पर्धी कच्चा असला की मला खेळ गोड लागत न्हाय."

घरी मी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, काहीतरी डाव असणार. मलाही तसंच वाटलं. मी एकेक बाटली तपासली. दोन गावांना स्वतः जाऊन माती खणून आणली आणि ताडून बघितली. सगळं बरोबर निघालं. काय बोलावं आता! धड भांडताही येईना. ज्याच्याशी वैर धरायचं तोच आपल्या हातात तलवार देतो आणि वर म्हणतो, पकड नीट धरा. त्या पेटीवर मी वर्षभर काम केलं आणि माझं काम खरोखर सुधारलं. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो आनंद कुणामुळं झाला हे आठवलं की परत चिडचिड.

एकदा मात्र त्यांनी मला तिसरा भाग दाखवलाच. मधल्या सुट्टीत विभागातल्या नकाशांच्या कॉम्प्युटरला ते आपलं यंत्र जोडून बसले होते. मी डबा घेऊन पलीकडं बसले, पाठ करून. पण कान उघडेच.

"आता बघा मॅडम. नायक पुलावर आला."

मी बघितलं नाही.

"पुलावर कुणीच न्हाय."

मी वळले. खरंच कुणी नव्हतं. रिकामा पूल, खाली ती चढाकडं वाहणारी नदी. सरांनी नायकाला पूल ओलांडू दिला नाही. त्याला मागं फिरवून मफलरवाल्याच्या गावात नेलं. बारकं घर. आई अंथरुणाला खिळलेली. मफलर भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला. मफलरवाला चुलीपुढं बसलेला. तो वर न बघता म्हणतो, "तू कशाला आलास?" आणि नायक नुसता उभा राहतो. कारण त्या मालिकेत नायकाला बोलायलाच येत नाही. तो उभाच. शेवटी मफलरवाला उठतो आणि खुंटीवरचा मफलर काढतो.

"मग?" मी विचारलं.

तासाची घंटा झाली. सरांनी यंत्र बंद केलं. "ह्याला म्हणतात चढ. विशेष प्रावीण्य," ते म्हणाले आणि हजेरीपट घेऊन चालते झाले. माझा डबा तसाच राहिला होता आणि मला पुढं काय झालं ते हवं होतं. अशा माणसाचं काय करावं सांगा!

चौथा भाग आला तेव्हा सरांनी रजा टाकली. रजा म्हणजे आम्हाला मानधन नाही, तरी टाकली. परत आले ते सुतकी चेहऱ्यानं. डबा उघडला नाही. 'कितवा भाग' विचारलं नाही. ऑफिसातल्या क्लार्कनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, सरांच्या घरी कोण वारलं का?" मी जाऊन विचारलं.

"दुकानात बसवला," सर म्हणाले.

"कुणाला?"

"मफलरवाल्याला. गल्ल्यावर बसतो. तलवारी विकतो, औषधं विकतो. जाईल त्याला तीन वाक्यं बोलतो. या या. काय पाहिजे? पुन्हा या. संपलं." त्यांनी डबा बाजूला सारला. "आईच्या दुखण्यातनं उठून आला होता ओ मॅडम तो पोरगा! आणि ह्यांनी त्याला दुकानात बसवला. लिहिणाऱ्याला लाज वाटली न्हाय. चढ न्हाय, उतार न्हाय, नुसतं सपाट."

मी म्हटलं, सर, खेळ आहे तो. ते माझ्याकडं असे बघत राहिले की मीच हजेरीपट उचलून तासाला गेले.

आणि मग एकदाची ती जागा निघाली. कायमची. नवल म्हणजे त्या खेपेला कुणाचा वशिला लागलेला नाही असं सगळे सांगत होते. मुलाखती धाराशिवला, संस्थेच्या ऑफिसात. तारीख नेमकी पौर्णिमेची. सरांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं. "मॅडम, पौर्णिमा हाय, तुळजापुरात गाड्या अडकतात. आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. साडीला इस्त्री तिथंच करा. माती उजव्या हातानं दावा. पाणी पिऊन आत जाऊ नका." इतकं काही सांगितलं की मी ऐकायचंच बंद केलं. आदल्या दिवशी मुक्काम करायची सोय होती, पण केवळ ह्या माणसानं सांगितलं म्हणून मी सकाळची एसटी धरली.

तुळजापूरच्या अलीकडंच गाडी थांबली ती थांबलीच. पुढं देवीला निघालेल्या माणसांचा पूर. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत उभा. मांडीवर मातीची पेटी घेऊन मी बसलेली, आणि घड्याळ काही थांबायला तयार नाही. माझं नाव यादीत सरांच्या आधी होतं. दुपारच्या जेवणाला समिती उठली की मुलाखती संपल्या, असं पत्रात स्पष्ट होतं. मला रडू येत होतं आणि त्या रडण्यातसुद्धा मी सरांनाच शिव्या देत होते, की एवढं बरोबर कशाला सांगितलंत!

पोचले तेव्हा जेवायची वेळ होत आली होती. जिन्यात शिपाई भेटला. मी धापा टाकत विचारलं, संपलं का?

"कुठलं संपतंय! तुमच्या कॉलेजचे एक सर हायत आत. कवाधरनं. साहेबानं विचारलं, तुमचं बळ कशात हाय? तर ते म्हणले, माझ्या प्रतिस्पर्ध्यात. आन् कुठल्या मफलरची गोष्ट लावलीया. साहेब दोनदा म्हणले, पुरे. तर म्हणतात, तिसरा भाग राहिलाय."

दार उघडलं. सर बाहेर आले. घामेजलेले, केस विस्कटलेले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, उशीर केलात. जावा आत." आणि मग जाता जाता, "माती उजव्या हातानं."

ती जागा मला मिळाली.

लोक म्हणाले, सरांनी तुमच्यासाठी त्याग केला. मी सरांना सरळ विचारलं. ते उखडलेच. "कसला त्याग? त्यांनी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायचं तर चारही भाग सांगावे लागतात." आजपर्यंत मला कळलेलं नाही की हा माणूस माझ्यासाठी आत थांबला की खरंच त्याला मफलरवाला आवरता आला नाही. दोन्ही शक्य आहे आणि दोन्हींनी माझं डोकं सारखंच फिरतं. उपकार मानावेत तर समोरचा घ्यायला तयार नाही. सोडून द्यावेत तर मनाला चैन नाही.

पुढं जे झालं ते सगळ्यांना माहीत होतं पण कुणी आधी बोललं नव्हतं. मी कायम झाले तशी विभागातले तास आधी मला भरून द्यावे लागले. सरांचे तास माझ्याकडं आले. त्यांना एकही उरला नाही. टेबलाचा खण रिकामा करताना त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "आता कायम झालात. वाढ थांबवणार तर न्हाय ना?" आणि येरमाळ्याला, आपल्या गावी, निघून गेले.

सुरुवातीला फोन यायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "कितवा भाग?" मी पोरांना घेऊन नदीकाठी गेले होते हे सांगितलं की "बरं" म्हणायचे. जुन्याच नोट्स वाचून दाखवल्या असं कबूल केलं की फोन ठेवून द्यायचे. फोन आला की मला वैताग यायचा. मग फोन बंद झाले आणि त्याचा जास्त वैताग यायला लागला.

तशात आमच्याकडं एम.ए.चे वर्ग मंजूर झाले आणि भूगोलाची आणखी एक कायमची जागा निघाली. मी त्याच दिवशी सरांना फोन केला. उचलला नाही. रोज केला. निरोप पाठवले. ते वाचल्याच्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. अर्जाची मुदत संपत आली. सरांच्या वयाकडं बघता पुढची जागा निघेपर्यंत फार उशीर झाला असता. ही गेली की गेली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, त्यांना नको असेल. तुम्ही कशाला जीव काढताय?" खरंच होतं. मला काय पडलं होतं? आख्ख्या विभागात मी एकटी सुखात होते. कुणी कितवा भाग विचारत नव्हतं.

घरी सांगितलं, येरमाळ्याच्या येडेश्वरीची ओटी भरायला जाते. सासूबाईंनी लगेच माझ्या वाट्याची पोरांची शाळा, स्वयंपाक सगळं आपल्या अंगावर घेतलं. देवीचं म्हटलं की त्या नाही म्हणत नाहीत.

येरमाळ्याला उतरून देवळाच्या चढाला लागलं की दोन्ही बाजूंना दुकानं. नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाचे ढीग. जिथं ओटी घ्यायची तिथंच चपला ठेवायच्या, अशी तिथली रीत. मी सरांच्या घराचा पत्ता विचारत विचारत चालले होते, तेवढ्यात एका दुकानातून ओळखीचा आवाज आला.

"या ताई, चपला इथं सोडा. ओटी साधी का भरलेली? दर्शन करून पुन्हा या."

सर गल्ल्यावर बसले होते. मान खाली घालून नारळाची शेंडी सोलत होते. मला बघितलंही नव्हतं. पुढच्या बाईला तेच. "या मावशी, चपला इथं सोडा. ओटी साधी का भरलेली?" शब्द तेच, सूर तोच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चपला सोडणार नाही मी," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. हातातला नारळ खाली ठेवला. "मॅडम? तुम्ही कशाला आलात?"

त्या नायकाला बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मी रस्त्यात उभी राहून बोलले. फोन का उचलत नाही, मुदत संपत आलीय, कळतंय का काही, असं सगळं बोलले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. दुकानाच्या आत बाजेवर सरांचे वडील पेपर वाचत बसले होते, धट्टेकट्टे. ते म्हणाले, "बाई, बरं झालं बोललात. मी रोज सांगतोय, जा म्हणून. मला काय धाड भरलीया? मी बसतो की गल्ल्यावर. पर हा म्हणतो, खेळ संपला."

"संपलाच की आबा," सर म्हणाले. "मॅडम, मी घेतला खेळून. तुम्ही वाढलात, माझं काम झालं. यंत्रसुद्धा पेटीत घालून माळ्यावर टाकलं."

"आणि इथं बसलात. तीन वाक्यं बोलत. चौथा भाग!"

ते एकदम ताठ झाले. हे त्यांना फार लागलं. "ते मफलरवाल्याचं झालं. त्याचं वाटोळं केलं त्यांनी. माझा काय संबंध? मी खेळणारा. खेळणाऱ्यानं कधीबी बंद करावं, त्याला कोण विचारतो?"

"तुमच्या खेळात तुम्ही खेळणारे. माझ्या खेळात कोण आहात?"

सरांचा हात परत नारळाकडं गेला.

"इतकी वर्षं मला प्रतिस्पर्धी, प्रतिस्पर्धी म्हणत जीव खाल्लात. मी प्रतिस्पर्धी, तर तुम्ही माझे कोण? मी पुलावर जाऊन उभी राहिले. पूल रिकामा. म्हणून घरी आले. आणि बघते तर हे!"

एक बाई मधेच नारळ मागत होती. सरांनी तिच्या हातात बांगड्या दिल्या. ती म्हणाली, अहो नारळ. त्यांनी आणखी बांगड्या दिल्या. आबांनी उठून तिला नारळ दिला. सर माझ्याकडं बघत होते, आणि खरं सांगते, ह्या माणसाच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. जगातल्या सगळ्यांचे प्रतिस्पर्धी मोजत बसला, चहावाल्यांचेसुद्धा, पण आपणही कुणाच्या तरी पुलावर उभे असतो हे त्याला आज, इथं, नारळाच्या ढिगाआड कळत होतं. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग परत खाली ओढला. निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डापुढं पोरं विचारतात तशा आवाजात म्हणाले, "मग... कसा वाटला? चढ?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तीन भाग चांगले आहेत. मातीची पेटी, मुलाखत, सगळं धरून. तिसऱ्याला, म्हणजे त्या मुलाखतीला, विशेष प्रावीण्य. चौथ्यात एटीकेटी."

"एटीकेटी कशी? नापास करा सरळ. हे सपाट हाय, मला दिसतंय."

"एटीकेटीच," मी म्हणाले. "एटीकेटी म्हणजे परत बसता येतं. म्हणूनच दिली."

त्यांनी गल्ल्याचं झाकण उघडलं. बंद केलं. बसल्या जागी इकडंतिकडं बघितलं. भिंतीवरच्या खुंटीला त्यांची जुनी कॉलेजची पिशवी टांगलेली होती. तिच्यावर धूळ बसली होती.

"मॅडम, तुमच्या बोलण्यात एक चूक झाली," ते म्हणाले. "मुलाखत दुसऱ्या भागात धरायला पाहिजे. तिसऱ्यात न्हाय."

"सर!"

"बरं बरं, राहू द्या." ते उठले. पिशवी खुंटीवरनं काढली, झटकली, आणि आत ओरडले, "आबा, जरा गल्ल्यावर बसा. मला माझे कागद शोधायचे हायत." मग माझ्याकडं वळून, नेहमीच्या त्याच असह्य आवाजात म्हणाले, "तुम्ही तोवर ओटी भरून या. उभ्या काय राहिलात? चपला सोडा इथं."

मी चपला सोडल्या.